टॉवेलाखाली मागितलेली वाट

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी त्या वर्षी कृपादानांवर लागोपाठ चार रविवार उपदेश केला. देवाने प्रत्येकाला काहीतरी दिलेलं आहे, ते मंडळीच्या कामी लावा, असं त्यांचं म्हणणं. पाचव्या रविवारी कमिटीने यादी भिंतीवर लावली. कोणाला गायन, कोणाला शास्त्रवाचन, कोणाला आजाऱ्यांच्या भेटी. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, सतरंज्या. उपासनेआधी अंथरायच्या, नंतर झटकून ठेवायच्या.

मी बैलांचा दलाल. राजुरीत राहायचो. पाठीशी कोणी नसताना बेल्ह्याच्या बाजारात उभा राहिलो आणि धंदा उभा केला. तोंड तापट, हे मान्य. एकदा बैठकीत मी कमिटीतल्या एकाला नको ते बोललो होतो. पण शास्त्र मलाही वाचता येत होतं. सतरंज्यांचा राग आजही गेलेला नाही. तो गेला असं लिहून मी खोटं बोलणार नाही.

आमच्या रविवारच्या शाळेच्या म्हाताऱ्या बाई त्या पावसाळ्यात आजारी पडल्या. मला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचं एकच मागणं होतं: मला नवऱ्याच्या शेजारी ठेवा, आणि आपल्या माणसांच्या खांद्यावरून न्या. अडचण अशी की दफनभूमीची वाट एका शेतकऱ्याच्या रानातून होती आणि ती नांगरून त्याने टोमॅटो लावले होते. कमिटीने दोन अर्ज दिले. त्याने ते उघडलेही नाहीत. मग पाळकसाहेब माझ्या दारी आले.

"तुम्ही बोलून बघता का?"

"सतरंज्या झटकणाऱ्याचं कोण ऐकणार, साहेब?"

"चूक आमची असेल. पण बाईंसाठी चला."

शेतकरी मला बाजारातून ओळखत होता. बांधावर भेटला.

"या पावणं. आज बैल न्हाई आणला?"

"आज वाट घ्यायला आलोय."

खांद्यावरचा टॉवेल काढून मी आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत, कापडाखाली समोरच्याची बोटं धरून सांगतात. कापड हातावर असेपर्यंत आवाज चढवायचा नाही. ज्याने चढवला, त्याचा सौदा मोडला. एक बोट म्हणजे एक फूट, असं आम्ही ठरवलं. मध्ये शवपेटी आणि दोन्ही बाजूंना खांदेकरी, म्हणून सहा फूट हवे होते. मी त्याचा अख्खा पंजा धरला, मग आणखी एक बोट. त्याने माझी दोन धरली.

"तुमच्यात वर्साला एक मयत," तो म्हणाला. "तेवढ्यापायी रान मोडू व्हय? त्या म्हातारीला न्या की टेम्पोत घालून, लांबच्या अंगानं."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. एरवी मी त्याची आई काढली असती.

"बोटं मोडताय का काय माजी?" तो हसला. तेव्हा कळलं मी किती आवळली होती.

मी हात सैल केला. बाजारात इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं ते नफ्यासाठी. घरात, मंडळीत कधी ठेवलं नाही. म्हणजे संयम माझ्याकडे नव्हता असं नव्हतं, मी तो फक्त बाजारात वापरत होतो. मनात म्हणालो, देवा, आज तो इथं वापरू दे.

मग नेहमीच्या आवाजात त्याला सांगितलं, "वाट मधनं नको. बांधाच्या कडेनं दे. फेरा आमाला पडंल, तुज्या वळी वाचत्याल."

त्याने रानाकडे बघितलं, ओळी मोजल्या. मग टॉवेलाखाली माझा अख्खा पंजा धरला. पाच फूट. मी सहाव्यासाठी ओढलं नाही.

मंडळीच्या अहवालात पुढे छापून आलं, कमिटीच्या प्रयत्नाने वाट मिळाली. ते पान मी जपून ठेवलंय.

बाई पावसाळा सरायच्या आत गेल्या. पेटीला पुढून उजवा खांदा माझा होता. पाच फुटांत दोन्ही बाजूंच्या खांदेकऱ्यांना अंग चोरून चालावं लागेल, असा माझा हिशेब होता. बांधापाशी पोचलो तर शेतकऱ्याने कडेच्या ओळीतले वेल सुतळीने मागे ओढून बांधले होते. तो पलीकडे टोपी हातात घेऊन उभा होता. आम्ही सगळे सरळ चालत गेलो.