आमेन न म्हणणारी बायबलबाई

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा मी उभी राहून, माइकवर, भरल्या चर्चमध्ये केला. निपाणीला आमच्यात रविवारच्या उपासनेनंतर ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, अशी रीत होती. मी उठले. सव्वीस वर्षांची, लिंबू रंगाची साडी, डोळ्यांत हुकमी पाणी. म्हटलं, "प्रभूने मला एका वाईट नात्यातून सोडवलं. आज मी मोकळी आहे." सगळं चर्च "आमेन" म्हणालं. त्या घटकेला ते वाईट नातं माझ्या खोलीत, माझ्याच उशीवर घोरत पडलं होतं. उठल्यावर त्याला रस्सा गरम लागतो म्हणून मी साक्षसुद्धा जरा आवरती घेतली.

सगळं चर्च म्हणालं खरं, पण दाराजवळच्या शेवटच्या बाकावरची बायबलबाई तेवढी म्हणाली नाही. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. दूध उतू जायला आलं की बाई जशी पातेल्याकडे बघते, तशी.

घरोघर फिरून बायकांना वचन वाचून दाखवायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, हे तिचं काम. सगळे तिला आक्का म्हणायचे. काडीसारखी बाई, पांढरं लुगडं, निळा काठ, आणि बारा महिने अनवाणी. त्यामुळे ती आलेली कधी कळायची नाही. चुलीकडून वळून बघावं तर उंबऱ्यात आक्का. किती वेळ उभी आहे, कुणास ठाऊक. एकदा शेजारणीच्या हातातलं ताट पडलं. आक्का म्हणाली, "घाबरलीस व्हय? मी मघाधरनंच हाय की."

पण बायका तिला खऱ्या भ्यायच्या त्या वेगळ्याच कारणासाठी. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात. आक्का उघडे ठेवायची. (हे तुम्हाला कसं कळलं, असं विचारू नका. ज्यांना कळलं ते सगळे माझ्यासारखेच चोरून बघणारे.) आणि ती बघायची दाराकडे. तोंडाने "हे दयाळू पित्या" चाललेलं, आणि नजर दारावर खिळलेली. पापणी लवायची नाही. आपली पाठ दाराकडे असली की मानेवरचे केस उभे राहायचे. बायका कुजबुजायच्या, तिला काहीतरी दिसतं. मी धीर करून विचारलं, तर म्हणाली, "भूतबित काय न्हाय बाई. भुताला येळ कुठनं? आपली माणसंच पुरी पडत्यात."

साक्षीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी भर दुपारी, ती माझ्या खोलीवर आली. मी शिकवायची त्या शाळेला सुट्टी होती. खोली तंबाखूच्या वखारीमागे, एका लांब बोळाच्या टोकाला. सीझनमध्ये त्या बोळात भुकटीचा तपकिरी थर साचायचा आणि उन्हातसुद्धा तिथे संध्याकाळ वाटायची.

आत आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. दाराकडे गेली, आणि चौकटीवरच्या चार भोकांवरून बोट फिरवलं.

"हितली कडी कुठं गेली?"

"गंजली होती, आक्का."

"गंजलेली कडी लाकूड फोडून न्हाय जात गं."

कडी त्यानेच लाथ मारून उखडली होती. तो बसवर कंडक्टर. नाव सांगत नाही, त्याची नातवंडं आता मोठी झाली असतील. गडहिंग्लजला त्याला बायको आहे, दोन मुलं आहेत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पुढची तीन वर्षं मी स्वतःला शहाणी समजण्यात घालवली. तो माझं मनगट पिरगळायचा आणि मग स्वतःच बाम चोळून द्यायचा. मी तेवढा बाम लक्षात ठेवायची. दाराला एक जुनं कुलूप होतं, बाहेरून किल्लीने उघडणारं. दुसरी किल्ली त्याच्या खिशात असायची.

"बस. प्रार्थना करू," आक्का म्हणाली. मी डोळे मिटले. ती सावकाश बोलत होती, एका लयीत, जणू कुणाला तरी निजवते आहे. आणि मध्येच मला आवाज आला. किल्ली कुलपात शिरल्याचा. मी डोळे उघडले. आक्का दाराकडे बघत होती. किल्ली फिरली. दार बोटभर उघडलं. त्या फटीतून बोळातला तपकिरी उजेड आत आला, बाकी काही नाही. आक्काचा आवाज ना चढला, ना उतरला. "ह्या लेकराला धर, प्रभू. आन जे दाराशी हाय, त्येलाबी तूच बघ." मग दार आपसूक लागलं, किल्ली उलटी फिरली. आक्काने प्रार्थना तरीही तोडली नाही, सगळी पुरी केली.

मी धावत जाऊन दार उघडलं. बोळ रिकामा. खालच्या भुकटीवर आक्काच्या अनवाणी पावलांशेजारी चपलांचे ठसे होते, थेट उंबऱ्यापर्यंत आलेले. परत गेलेले ठसे नव्हते. मी शाळेत विज्ञान शिकवायची. मुलांना सांगायची, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. तो त्याच पावलात पाय ठेवून मागे सरकला असेल, असं मी नंतर स्वतःला पटवलं. अजून पुरतं पटलेलं नाही.

आक्का मात्र पिशवी उपसत होती. त्यातून बायबल निघालं, मग छत्री, मग स्क्रू-ड्रायव्हर, आणि एक नवी कोरी लोखंडी कडी. मी बघतच राहिले.

"अशी काय बघतीस? प्रभू दारं उघडतोय, म्हणून लावायचं कामबी त्येच्यावरच टाकायचं व्हय?"

निपाणीतल्या कितीतरी दारांना आतून आक्काच्या हातची कडी होती, हे मला फार उशिरा कळलं. स्क्रू पिळता पिळता ती बोलली. तिचं माहेर जांबोटीच्या रानातलं. नवरा मारायचा. प्रार्थनेला डोळे मिटले की नेमका मागून यायचा. "आमेन म्हणायच्या आत एक बसलेली असायची. तवापास्नं डोळं मिटतच न्हाईत. प्रभूची काय तक्रार न्हाय त्येबद्दल."

मी कळवळून म्हटलं, "आक्का, तू किती सोसलंस गं!"

"मला देवदूत करू नगंस," ती म्हणाली. "नवऱ्याचा राग मी सासूवर काढला. अंथरुणाला खिळलेली म्हातारी. तीन दिस उपाशी ठिवली. ती भाकरी मागायची आन मी ऐकून भांडी घासायची. प्रभूनं माफ केलं. पर अजून जेवाय बसले की पहिला घास ताटाभायेर ठेवती. कुत्रं खातं, कावळा खातो. कवा कवा कोण खातं, दिसत न्हाय."

कडी बसली. ती घट्ट आहे का, हे तिने दोनदा ओढून बघितलं. "त्येला माफ कर. रोज कर. पर माफी दे, किल्ली देऊ नगंस. आन देवाकडं नेमकं मागावं. नुसतं 'मला वाचव' म्हटलंस तर त्यो कुठनं सुरवात करणार? कडी कुठल्या हातानं काढतीस?"

"उजव्या."

"मग म्हण, प्रभू, माझा उजवा हात धर."

तो गुरुवारी आला. किल्ली फिरली, पण दार हललं नाही. आधी हसला. मग लाडात आला. मग रडला. त्याचं रडणं माझ्या फार ओळखीचं. बाम त्याच्याच मागून यायचा. "आईशप्पत, मी बदललोय. फकस्त एकदा तोंड दाव." शेवटी त्याने ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापणार नाहीत. आणि मी काय करत होते? मी, चर्चभर मोकळी झालेली बाई, उठून कडीशी उभी होते, आणि माझा हात वर गेलेला होता. बोटं लोखंडाला टेकली होती. शप्पथ सांगते, मला कडी काढायची होती. म्हटलं, प्रभू, माझा उजवा हात धर. आणि हात गार पडला. मनगटापासून, मग कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, जणू विहिरीच्या पाण्यातून कुणीतरी हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला होता. मी तशीच उभी राहिले. बाहेरचं बोलणं थांबलं. पावलं लांब गेली, या वेळी नीट ऐकू आली. तो पुन्हा त्या दाराशी आला नाही.

मी पळत आक्काकडे गेले आणि म्हटलं, येत्या रविवारी खरी साक्ष देते. ती म्हणाली, "साक्ष राहू दे. आधी वरीसभर नीट जेव."

वर्षभराने आक्का थकली. बेळगुंदीहून तिची भाची तिला न्यायला आली. मी स्टँडवर पोचवायला गेले. ती आमची शेवटची भेट. त्याच हिवाळ्यात ती बेळगुंदीला वारली, आणि मी पोचेपर्यंत तिला मातीही देऊन झाली होती. पण त्या दिवशी, बस लागलेली असताना, मी तिला वर्षभर कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. म्हटलं, आक्का, सुटले म्हणतात सगळे, पण वर्गात फळ्यावर लिहिताना अजून वाटतं, तो माझ्या मागे उभा आहे. रोज उभा असतो. मी वळत नाही, पण पाठ आखडून जाते. मी खरंच सुटले का गं?

आक्काने पिशवी भाचीच्या हातात दिली, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "उभा हाय तर उभा राहू दे की गं. पाय त्येचं दुखतील. तू खुर्ची घे आन बस."