भीमाशंकरचा अंगठा

केजच्या गल्ल्यांतून जगदेवीबाई कायम खाली बघत का चालते, हे नव्या माणसाला कळायचं नाही. तिचा नवरा भीमाशंकर गुत्तेदार होता, रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. गल्लीतल्या रस्त्याचं सिमेंट ओलं असतानाच तो कडेला आपल्या नावाचा शिक्का दाबायचा आणि शेजारी अंगठा. तो गेल्यापासून जगदेवीबाई हे शिक्के हुडकत फिरते. सापडला की पदरानं धूळ पुसते, अंगठ्याच्या खळग्यात आपलं बोट ठेवते आणि घटकाभर तशीच बसते. लोक हसतात. हसू द्या, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पण आपल्याकडं निवडणूक आली की जुन्या रस्त्यावर नवा रस्ता चढतो. एकेक करत सगळे अंगठे गाडले गेले. उरला एकच, कौशल्याबाईच्या दारातला. ही कौशल्याबाई त्या घरात नवीनच राहायला आलेली. मग एक दिवस तिच्याही दारात जेसीबी येऊन उभा राहिला.

जगदेवीबाई आडवी बसली. "एवढा तुकडा सोडा, बाबा."

मुकादम योगीराज वैतागला. "कावून? काय हाय तिथं?"

मेलेल्या गुत्तेदाराच्या शिक्क्यासाठी कोण काम थांबवतं? बाई घाबरली आणि तोंडाला येईल ते बोलून गेली. "देव हाय. आमी लई वर्षं पुजतो."

योगीराजनं आधी चप्पल काढली, मग जेसीबी मागं घ्यायला लावला. रस्ता त्या तुकड्याला वळसा घालून गेला. त्या दिवशी जगदेवीबाई पोटभर जेवली.

आठवड्यानं ती बोट ठेवायला गेली, तर तिथं नारळ, अगरबत्ती आणि शेंदूर. शेंदूर असा थापलेला की नाव गेलं, खळगाही बुजला. ती नखानं खरवडायला लागली, तशी कौशल्याबाई धावत आली.

"अगं, काय करायलीस? देव हाय तो! तूच म्हणलीस ना?"

खरं सांगावं तर उद्या जेसीबी हजर. गप्प बसावं तर दर अमावस्येला शेंदराचा नवा लेप. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. जगदेवीबाईनं हात मागं घेतला.

"पाया पड," कौशल्याबाई मायेनं म्हणाली. "तुझ्यामुळंच राहिला देव."

ती वाकली आणि तिला रडू फुटलं. सणावाराला ती अशीच पाया पडायला वाकली की भीमाशंकर पाय मागं घ्यायचा. म्हणायचा, "पाया नको पडू. हात दे."