बाजिंद्याचं माहेरपण

आधी चहा पिऊन घ्या, मग हसा. मधेच हसलात तर ठसका लागंल आणि नाव माझं निघंल. ही फजिती मी आजवर कुणाला अख्खी सांगितली नाही. निम्म्यातच लोक पोट धरून उठून जातात. पण आज तुमी बसलाच आहात, तर ऐका.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझे वडील, त्यांना आमी अण्णा म्हणायचो, परभणीत वैद्यकी करायचे. मला दिलं राणीसावरगावात, शेतकऱ्याच्या घरात. माणसं लय चांगली. सासूला मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामंजी. नवरा दिवसभर रानात. आणि ह्या सगळ्यांच्या वर बाजिंद्या, मामंजींचं कुत्रं.

नुसतं कुत्रं म्हणले तर मामंजी आजबी वरून डोळे वटारतील. ज्वारीत रानडुकरं शिरली की बाजिंद्या एकटा त्यांना ओढ्यापार घालवायचा. त्याच्या जिवावर मामंजी रानातल्या माळ्यावर खुशाल घोरायचे.

सगळं छान होतं. फक्त आत्याबाईंचं येसर तेवढं माझ्या जिवावर उठलं होतं.

येसर म्हणजे भाजलेल्या डाळी, धान्य आणि मसाल्याचं पीठ. उकळत्या पाण्यात कालवलं की झाली आमटी. आता येसर सगळेच करतात, पण आत्याबाईंच्या येसरात मिरची किती असायची ते विचारू नका. वर बोटभर तेलाचा तवंग. अण्णांच्या घरी आमी पथ्याचं खाणारी माणसं, वरणभात आणि ताक. पहिल्याच घासाला माझ्या कानातून वाफ निघाली.

मग नको म्हणायचं ना, असं तुमी म्हणाल. अगं बायांनो, नव्या सुनंनं नको म्हणायचं? आणि पानात टाकायचं? त्या काळी? सासू आपल्या हातानं वाढायची, आणि वाढलेलं पान लख्ख झालंच पाहिजे. बरं, सून जेवायची सगळ्यात शेवटी. आत्याबाई वाढून ओसरीवर सुपारी कातरायला जायच्या. स्वैपाकघरात मी एकटी, मागचं दार उघडं, आणि दारात बाजिंद्या.

आता सांगा, मी काय करणार होते?

भाकर येसरात कुस्करायची आणि दाराबाहेर सरकवायची. बाजिंद्या लपालपा खायचा, हू हू करायचा, रांजणाखालचं पाणी पिऊन परत यायचा. पान लख्ख. आत्याबाई खूश. गावभर सांगायच्या की खाणारी पोर मिळाली बाई आमाला. आणि कौतुकानं दुसऱ्या दिवशी अजून एक पळी जास्त. मी ताकावर आणि भाकरीच्या काठावर दिवस काढायची. मी वाळायला लागले आणि बाजिंद्या सुटायला लागला.

हिवाळा लागला, ज्वारी हुरड्यात आली, आणि बाजिंद्यानं पुढचा पाय चाटायला सुरुवात केली.

चाटायलाय म्हणजे किती? सकाळी उठावं तर चाटायलाय, दुपारी बघावं तर चाटायलाय. केस गेले, कातडं लालबुंद झालं, तरी ह्याचं आपलं चालूच. कान फडफडवायचा, डोळ्यातून पाणी, अंगाला खाज. पोटाचं तर विचारूच नका, आंगण मलाच सारवावं लागायचं. रानात जायचं त्यानं सोडून दिलं. मामंजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. आत्याबाईंनी मीठ-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढली. त्या कुत्र्याला मिरच्यांची काय वाण होती का? पण मला तेव्हा कुठं कळायलं. माझ्या हिशेबानं मी त्याला रोज पंचपक्वान्न घालायले.

आणि इथं मी तोंड उघडलं. मामंजींना म्हणले, काळजी करू नका, मी इलाज करते, वैद्याची लेक आहे मी.

मग सुरू झाला आमचा दवाखाना. पायाला करंजीचं तेल लावलं, त्यानं चाटून टाकलं. हळद लावली, तोंड पिवळं करून घेतलं. चिंधी बांधली, ती खाल्ली. चाटू नये म्हणून बैलाचं मुस्कं घातलं, तर त्यातून डोकं, मान आणि एक पाय बाहेर काढून तो गावात हिंडून आला. शेवटी कडुलिंबाच्या पाल्याचा काढा पाजायचा ठरवला. तो कडू, म्हणून संगं गूळ. मग मला लय मोठी अक्कल सुचली. चाटायला लागला की गुळाचा खडा दाखवायचा, म्हणजे चाटणं थांबतं! थांबायचंही. खडा खाऊन झाला की माझ्याकडं बघत परत सुरू.

मी मामंजींना सांगितलं, बघा, माझ्या हाताचा गुण आहे, मी जवळ गेले की चाटायचं थांबतो. दुसऱ्या कुणाच्या हातचं औषध त्याला लागायचं नाही.

हे बोलले आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण फाल्गुनात माझ्या धाकट्या बहिणीचं, कमलचं लग्न होतं. सासरी आल्यापासून मी माहेर बघितलं नव्हतं. कमल आणि मी एका अंथरुणात वाढलेल्या. तिच्या लग्नाची मी किती वाट बघायले हे कुणाला सांगू? आणि ठरल्याप्रमाणं एक दिवस अण्णा दारात. मला मूळ म्हणून आले होते. लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं ना, ते मूळ. मी गाठोडं आधीच बांधून ठेवलेलं.

मामंजी मात्र ओशाळून म्हणले, "इवाई, सूनबाईला न्या म्हणलं असतं. पण कुत्र्याला हिच्याच हातचं औषध लागतंय. ही गेली तर बाजिंद्या जातोय, आन बाजिंद्या गेला तर ज्वारी जातीय."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चुलीकडं बघायला लागले. मग म्हणले, बघू तरी रोगी. बाजिंद्याचे कान बघितले, पाय बघितला. तोंड उघडून नाक जवळ नेलं, आणि लागोपाठ शिंकत सुटले.

"काय खातो हा?" डोळे पुसत अण्णांनी विचारलं.

"भाकर नि ताक," आत्याबाई म्हणल्या. "वरचं कायबी न्हाई."

पुरुषांची पंगत उठली. बाप आलाय म्हणून आत्याबाईंनी त्या दिवशी मला भरपूर वाढलं आणि स्वतःचं पान घेऊन शेजारी बसल्या. अण्णा आणि मामंजी समोरच ओसरीवर पान खायले. मी मनात म्हणले, आजच्या दिवस देवा, त्या कुत्र्याला झोप लाव.

बाजिंद्या मागच्या दारानं आला. लंगडत लंगडत माझ्या डाव्या गुडघ्याशी बसला. मी कोपरानं ढकललं. त्याला वाटलं, आज चाटल्याशिवाय काही मिळायचं नाही. त्यानं पाय चाटला आणि माझ्याकडं बघितलं. मी परत ढकललं. मग तो उठला आणि सरळ माझ्या ताटात तोंड घालून जेवायला लागला.

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. "सूनबाई, ह्याचं हे रोजचं हाय का गं?"

"कधीमधी," मी म्हणले. कधीमधी येणारं कुत्रं इतकं सावकाश जेवत नाही हे मलाबी दिसत होतं.

"मग तू काय खायलीस इतके दिवस?"

"ताक."

मला वाटलं आता बोलणी बसणार. तर आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. माझ्या घरात लेकरू उपाशी राहिलं म्हणून रडायल्या. ते बघून मला हुंदका फुटला. ओसरीवर मामंजी डोकं धरून बसले होते, ते माझ्यासाठी नाही, कुत्र्यासाठी.

रडता रडता मी गुळाचंबी कबूल करून टाकलं, तेव्हा अण्णांनी निकाल दिला. म्हणले, "तिखट-तेलानं ह्याच्या अंगात आग पेटलीय, म्हणून चाटायला लागला. आता गूळ मिळतो म्हणून चाटायलाय. महिनाभर सपक खाणं द्या. आणि ह्या बाईचं तोंड त्याला दिसू देऊ नका."

मी मनातून नाचायलाच लागले. माझं तोंड दिसायचं नाही, म्हणजे मी परभणीला! झटकन उठून गाठोडं घेऊन आले.

आत्याबाईंनी ते हातातून काढून घेतलं. "ह्या अवतारात? गळ्याची हाडं बघ तुझी. परभणीची माणसं म्हणतील, सासूनं पोर वाळवली. अंगावर मांस आल्याबिगर मी तुला धाडायची न्हाई. लग्नाला माझ्यासंगं ये."

"मग माझ्या कुत्र्याचं?" मामंजी म्हणले.

अण्णांनी मला बघितलं, बाजिंद्याला बघितलं. एक सुस्कारा सोडला आणि म्हणले, "कुत्रं मी नेतो."

आता काय बोलावं! मूळ आलं मला, आणि माहेरी चाललं कुत्रं. मी धुऊन ठेवलेली सतरंजी गाडीत अंथरली होती, तिच्यावर बाजिंद्या ऐटीत बसला. आत्याबाईंनी वाटेसाठी त्याला भाकर बांधून दिली. गंगाखेडला गार्डाच्या डब्यात बसून स्वारी आगगाडीनं परभणीला गेली. मी दारात उभी राहून लहान पोरीसारखी रडले. येणारा-जाणारा विचारायचा, काय गं, कोण गेलं? काय सांगणार?

मग परभणीहून येणाऱ्यांकडून खबरा यायच्या. आई त्याला दहीभात भरवती. कमल रोज कडुलिंबाच्या पाण्यानं त्याचा पाय धुती. इकडं मला तूप-भाकर आणि दूध. आमचे हे आणि मामंजी माळ्यावर बसून रात्रभर डबा बडवायचे, आणि सकाळी दोघांचे घसे बसलेले. त्या महिन्यात माझ्याशी घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

ज्वारी कशीबशी घरात आली आणि आमी लग्नाला निघालो. अण्णांच्या दारात मांडव पडला होता. मी गाडीतून उतरले. समोर बाजिंद्या. अंग चकचकीत, पायावर नवे केस, गळ्यात कमलनं बांधलेला गोंडा. मला बघून धावत आला, शेपूट हलवली, हाताचा वास घेतला. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मग तो माझ्या डाव्या गुडघ्याशी बसला, आणि पाय चाटायला लागला.

मामंजींचा चेहरा उतरला. अण्णा मांडवातून ओरडले, "बाई, तू माळवदावर जा. माझा रोगी बिघडायलाय!"

गेले. काय करणार? सगळ्या पाहुण्यांदेखत जिना चढले. वरून मंगलाष्टकं ऐकली. अंतरपाटाजवळ, अगदी नवरीच्या पायाशी बाजिंद्या बसलेला. मी वरूनच अक्षता टाकल्या, त्या नेमक्या त्याच्या डोक्यावर पडल्या. त्यानं मान वर केली. मी दिसले. लागला चाटायला.

अण्णांनी मंगलाष्टक चालू असतानाच वर बघितलं आणि हातानं खूण केली, खाली बस. मी कठड्याआड बसले. तेवढ्यात वाजंत्री वाजली.

आजबी कमल त्या हाराची गोष्ट काढती, गडबडीत तो नवऱ्याच्या पागोट्याला कसा अडकला होता म्हणून. मी आपली मान हलवते. सख्ख्या बहिणीनं घातलेला हार मी बघितलाच नाही, बायांनो. माझ्या वाटचा तो बाजिंद्यानं बघितला.