दारावरची ओझेला

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, ऑरेंज माउंड या काळ्या लोकांच्या वस्तीत, ओझेला रकरला लोक चेहऱ्याआधी हातांवरून ओळखत. आठवडाभर ते हात शहराच्या बसचे चाक फिरवत आणि रविवारी पांढऱ्या हातमोज्यांत शिरून चर्चच्या दाराशी उभे राहत. डावा पाठीशी मुडपलेला, उजवा मोकळा. तळवा समोर धरला की येणाऱ्याने थांबायचे, कारण आत प्रार्थना चालू आहे. बोटे वळवली की मागोमाग यायचे. द्वारपालांची ही मुकी भाषा तिने आईकडून घेतली आणि पुढे, जिच्यासोबत तिने आयुष्य काढले त्या क्लॉडीनच्या धाकट्या बहिणीला, बर्निटाला, पोरवयात शिकवली.

क्लॉडीन आणि ओझेला एका घरात, एका पलंगावर म्हाताऱ्या झाल्या. चर्चमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी उच्चारत नव्हते. त्या न उच्चारण्यावरच ओझेलाचे हातमोजे, म्हणजे चर्चच्या दारावरची तिची जागा, टिकून होते. गेल्या वसंतात क्लॉडीन गेली. अंत्यविधीच्या छापील पत्रिकेत भावंडे, भाचरे, शेजारी अशी सगळी नावे झाल्यावर अगदी तळाशी ‘एक निष्ठावान मैत्रीण, ओझेला’ असे आले. मजकूर बर्निटाचा होता. त्या दिवशीही ओझेला दारातच उभी राहिली. कुटुंबाच्या बाकावर तिला कोणी बोलावले नाही.

पुढे तिला दुसरे एक दार मिळाले. मार्केलच्या सलूनमध्ये महिन्यातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, खुर्च्यांच्या रांगा लागत आणि मध्ये माइक उभा राहत असे. वस्तीतली काळी समलिंगी आणि पारलिंगी माणसे तिथे आपल्या कविता वाचत. मागच्या खोलीतून तळलेल्या माशाचा वास येत असे. नियम एकच, आणि तो ओझेलाने चर्चमधून आणलेला: कविता चालू असताना कोणी आत यायचे नाही, कोणी बाहेर जायचे नाही.

अशाच एका रविवारी मार्केलने आरशावर लिपस्टिकने वाचणाऱ्यांची नावे लिहिली, त्यांत पहिल्यांदाच तिचे नाव होते.

“मिस ओझेला, किती वेळा उलगडाल त्या कागदाची घडी! बस चालवताना अशा नाही ना घाबरत?”

“बसमध्ये माझी पाठ असते लोकांकडे.”

दोन कवितांमधल्या टाळ्यांत दार उघडले. ओझेलाला आधी हॅट दिसली: जांभळी, रुंद काठाची, पिसे खोवलेली. चर्चमधल्या मानाच्या बायका घालतात तशी ही हॅट दारात आली की द्वारपाल विचार करत नाही. तिचा डावा हात आपोआप पाठीशी गेला, उजव्याची बोटे वळली आणि तिने पाहुणीला थेट माइकसमोरच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवले. हॅट वर झाली तेव्हा तिच्याखाली बर्निटाचा चेहरा होता.

“थँक यू, सिस्टर रकर. चर्चमध्येसुद्धा इतकी चांगली जागा देत नाहीस मला.”

“तू इथं कशी?”

“का? हॅटवाल्यांना बंदी आहे का इथं?” बर्निटाची नजर आरशाकडे गेली आणि तिथेच थांबली. “म्हणजे तुझं नाव खरंच आहे. ओझेला, जरा—”

पण पुढची कविता सुरू झाली होती, आणि ओझेला दाराकडे परतली होती. बर्निटा चर्चच्या विश्वस्त मंडळावर होती. बैठकीत तिने नुसते तोंड उघडले असते तरी हातमोजे परत द्यावे लागले असते.

टाळ्या सुरू होताच तिने मार्केलला गाठले. “माझं नाव पूस. पुढं क्लॉडीनची बहीण बसलीय.”

“तिला आत कोणी घेतलं?”

“मीच.”

“अहो, सैतान हॅट घालून आला तर त्यालाही तुम्ही पहिल्या रांगेत बसवाल!” मार्केल हसला, मग हसू आवरून त्याने टॉवेल पुढे केला. “घ्या. पण पुसायचं तर तुम्हीच पुसा.”

तिने टॉवेल घासला. लिपस्टिक पुसली जात नाही, फासली जाते. नाव लालभडक पसरून आणखी मोठे झाले, आणि सगळी खोली तिकडे पाहू लागली.

आता लपण्यात अर्थ नव्हता; ती माइकपाशी गेली. कागद उघडला आणि पहिल्याच शब्दावर अडखळली.

“सावकाश, मिस ओझेला,” मागून कोणी म्हणाले. “सावकाश घ्या,” आणखी दोघे म्हणाले, चर्चमध्ये साक्ष देताना अडखळणाऱ्याला म्हणतात तसे.

“पत्रिकेच्या तळाशी मी होते,
जिथे छापखान्याचे नाव असते...”

खुर्ची करकरली. बर्निटा उभी राहिली होती. दारावर कोणी नव्हते, कारण दारावरची बाई माइकपाशी होती. बर्निटाने दाराकडे पाऊल उचलले, आणि ओझेलाचा उजवा तळवा वर आला, सरळ, समोर. थांब.

पोरवयात शिकलेले शरीर विसरले नव्हते. बर्निटा जागीच थांबली, आणि तिचा डावा हात हळूच पाठीशी गेला. तळवा खाली न घेता ओझेलाने पुढचे वाचले:

“क्लॉडीन माझी बायको होती.
मी दारात उभी होते.
मला आत कोणी नेले नाही.”

टाळ्यांच्या कडकडाटात दोघी दाराशी आल्या.

“मैत्रीण हा शब्द माझा नव्हता,” बर्निटा म्हणाली. “क्लॉडीननं लिहून घेतला माझ्याकडून. म्हणाली, दुसरं काही छापलंस तर हिचे हातमोजे जातील, आणि मी गेल्यावर हिला तेवढंच उरणार.”

ओझेला दार अडवून उभी राहिली. “मला का नाही सांगितलंस?”

“तिनं शपथ घातली होती. तू वाचणार असं कानावर आलं म्हणून शपथ मोडायला आले, तर तू मला उचलून पुढं नेऊन बसवलंस!” बर्निटाने हॅट नीट केली. “आता बैठकीत विचारतील. मी खोटं बोलणार नाही, ओझेला.”

“नको बोलूस.” ओझेलाने कोटाच्या खिशातून हातमोजे काढले, सकाळच्याच घड्या असलेले. “हे घेऊनच जा.”

बर्निटाने हात पुढे केला नाही. “मी नेणार नाही. ज्याला हवेत त्याला तुझ्यासमोर उभं राहून मागू दे.”

मागे मार्केलने पुढचे नाव पुकारले. ओझेलाने बोटे वळवून बाहेरची वाट दाखवली. बर्निटा गेली. दार लावून ओझेला त्याला पाठ टेकवून उभी राहिली. डावा हात पाठीशी गेला. उजव्यात हातमोजे तसेच होते, न घातलेले, आणि माइकपाशी नवे कोणीतरी श्वास घेत होते.