आत्याचे फिक्के रंग

मी काळी आहे. आमच्या घरात हे कुणी वाईट अर्थाने म्हणत नसे. विहिरीला पाणी किती आहे ते सांगावं, तसं म्हणत. माझ्या कपड्यांचा प्रश्न आला की मात्र ते पहिल्यांदा आठवायचं, आणि आठवण करून द्यायला आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन ती आमगावला आमच्याकडे आली, ती कायमची. शेतातल्या धानाच्या बांध्या वडील बघत, घर माय बघे आणि बरोबर काय, चूक काय हे आत्या बघे. तिचा नियम एकच होता : काळ्या पोरीने फिक्का रंग घालावा. गडद रंग घातला की काळेपणा वर येतो. त्यामुळे माझं सगळं बालपण बदामी, मोतिया आणि धुवून धुवून विटलेल्या गुलाबी रंगात गेलं. आत्या स्वतः माझ्याइतकीच काळी होती, पण ती पांढरं नेसायची, म्हणून तिच्या रंगाचा विचार करायचं कुणाला कारण नव्हतं.

मला सतरावं लागलं आणि पाहुणे यायला लागले. त्याच वर्षी आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. आमच्या घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे माझ्या लग्नाच्या मागे होते.

पहिल्या वेळी मला बदामी लुगडं नेसवलं. मुलाच्या मामाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि वडिलांना विचारलं, "पोरीले हिवताप येऊन गेला का जी?" वडील म्हणाले, नाही. मामाने मान हलवली. आठ दिवसांनी निरोप आला, की पोरीची तब्येत सुधारली म्हणजे कळवा.

दुसऱ्या वेळी आत्याने मोतिया रंग काढला आणि पावडर वाढवली. मला चुन्याने रंगवलेल्या भिंतीशी बसवलं. चहा झाला, सुपारी झाली. मग मुलाचे आजोबा म्हणाले, "चला, आता पोरगी आणा." मी त्यांच्यासमोरच बसले होते. त्यांची नजर अधू होती, हे मी मान्य करते. पण बाकीच्यांपैकीही कुणी त्यांना लगेच सांगितलं नाही.

तिसऱ्या वेळेसाठी नवं लुगडं घ्यायचं ठरलं. माय, आत्या आणि मी पॅसेंजरने गोंदियाला गेलो. कापडाच्या दुकानात आत्या गादीवर बसली आणि म्हणाली, "फिक्कं दाखवा." दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं, "जी बाई" म्हणाला आणि ढीग लावला. दुधी, बदामी, राखाडी. आत्या एकेक लुगडं माझ्या खांद्यावर टाके, डोकं मागे नेऊन बघे आणि उचलून घेई.

शेजारी सालेकशाकडची एक गोंड बाई बसली होती. मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला आली होती. वयाने मायएवढी, कपाळावर गोंदलेलं, रंगाने माझ्याहून एक हात पुढे, आणि अंगावर लालभडक लुगडं. ती आमची खरेदी बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"पोरगी बिमार हाये का?" तिनं आत्याला विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. हा प्रश्न आता तिला पाठ झाला होता.

"मंग असं कापड काऊन?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. मागच्या फळीवरचं एक लुगडं तिनं दुकानदाराकडून मागून घेतलं. झेंडूच्या फुलाचा गडद पिवळा रंग, तांबडे काठ. माझा हात धरून मला बाहेर ओट्यावर उन्हात नेलं आणि ते माझ्या खांद्यावरून सोडलं. दुकानदार आरसा घेऊन मागे आला. "कपड़ा तो बाहर ही देखना चाहिए," तो म्हणाला. इतका वेळ मग आत का दाखवत होता, हे त्याने सांगितलं नाही.

मी आरशात पाहिलं. मी आजारी दिसत नव्हते.

"हासतीन लोकं," आत्या दारातून म्हणाली. "गोऱ्या पोरीचा रंग हाये तो."

तेव्हा माय बोलली. त्याआधी आत्याला तिनं कधी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. तिनं हळूच विचारलं, "बाई, तुम्हाले कोण हासलं होतं?"

किती वाजले ते सांगावं तशा आवाजात आत्याने सांगितलं. तेराव्या वर्षी लग्नात तिच्या बापाने तिला असंच पिवळं लुगडं घेतलं होतं. सासरच्या बाया म्हणाल्या, कोळशाले हळद लावली. ती आत गेली, लुगडं सोडलं, पुन्हा नेसली नाही. "मंग सहा वर्षांत पांढरं आलं," ती म्हणाली. "नेसाचं राहूनच गेलं."

गोंड बाईने माझ्या खांद्यावरचं कापड सारखं केलं. दुकानदाराने उगाच आरसा पुसला.

"हेच बांधा," माय त्याला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले तेव्हा मला नेसवायला आत्याच आली. निऱ्या तिनं घातल्या. पावडरचा डबा काढला, हातात धरला आणि परत ठेवला. मी सवयीने पदर कपाळापर्यंत ओढला, तर हातावर चापट बसली. "कायले लपून राहिली? दिसू दे."

मी दिसले. मुलाच्या आईने लुगडं कोणत्या दुकानातून घेतलं ते विचारलं, आणि लग्न ठरलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी नवऱ्याला विचारलं, त्या दिवशी माझ्या अंगावर कोणता रंग होता. तो म्हणाला, "निळा."

लग्नाच्या खरेदीला आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. माझं सगळं घेऊन झाल्यावर आत्याने स्वतःसाठी एक पांढरं लुगडं मागितलं. दुकानदाराने बिनकाठाचं काढलं. ती म्हणाली, "काठ पाह्यजे." किती रुंद, असं त्याने विचारलं. तिनं दोन बोटं वर केली, मग जरा थांबून तिसरं जोडलं.

पिवळा काठ निघाला. गावात बायांनी बोलायचं ते बोलून घेतलं. आत्या ते लुगडं नेसून माझ्या मांडवात पहिल्या रांगेत बसली. पुढे ते जागोजागी विरलं, तेव्हा तिनं काठ उसवून काढला आणि दुसऱ्या पांढऱ्या लुगड्याला शिवला. टाके फार बारीक घातले होते.