आईसाठी मोकळी ठेवलेली जागा

गाठ आधी आईला दिसली. मी स्वयंपाकघरात उभ्यानं पाणी पीत होते आणि ती चपात्या लाटत होती. "गळ्यात काय हाललं गं तुझ्या?" म्हणाली. मी म्हटलं, पाणी हाललं, दुसरं काय हालणार! तरी तिनं पिठाच्या हातानंच माझा गळा चाचपला आणि लाटणं बाजूला ठेवलं. अर्धी लाटलेली चपाती सोडून उठणारी बाई नव्हे ती.

सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर, आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉक्टर म्हणाले, थायरॉईडची गाठ आहे, साधी वाटते, पण काढावी लागेल. काढल्यावर तपासणीला जाईल. "आवाजाची नस तिथूनच जाते. आम्ही जपतोच, तरी आवाज बदलू शकतो. एखाद्याचा बसतोही. तुम्ही काय करता?"

"गाते," मी म्हटलं. त्यांनीही हातातलं पेन खाली ठेवलं. मी मनात म्हटलं, झालं! आता जो तो हातातली वस्तू खाली ठेवणार.

गाते म्हणजे काय, तेही सांगायला हवं. आमच्याकडं गाणं पलीकडच्या वस्तीवर ऐकू गेलं तर गाणं. माझा आवाज बारीक. ऑर्केस्ट्रात होते तेव्हा पहिल्याच ओळीला मागून कुणीतरी ओरडायचं, "ताई, माइक चालू हाय का?" लय राग यायचा. त्याच ऑर्केस्ट्रात उंब्रजचा एक गिटारवाला होता. त्यानं एक दिवस मला बोसा नोव्हा ऐकवलं. "ही ब्राझीलची चाल हाय ताई. हितं वरडायचं न्हाई. शेजारी कुणीतरी निजलंय असं समजून गायाचं." गिटार अशी वाजत होती की वाटावं, कुणीतरी झोपाळ्यावर बसलंय आणि पाय जमिनीला टेकवत नाही. मी ऐकलं आणि मला रडूच फुटलं. माझ्या आवाजाला जागा असलेलं गाणं जगात होतं तर!

घरी येऊन आईला गाऊन दाखवलं. ती म्हणाली, "ह्यात नवीन काय? हा तर पाळणा." आणि माझ्याच चालीवर तिनं तिचा पाळणा धरला, कानडीत. आई अथणीकडची. लग्न होऊन सांगलीत आली, मराठी बोलायला शिकली, भांडायलाही शिकली, पण गाणं मात्र कानडीतच राहिलं. "बा मगळे, बा", ये गं लेकी, ये. तिचा आवाज माझ्यासारखाच, पण त्याला घाई कसली ती नाही.

तिथून अल्बम ठरला. मी मराठीत विचारायचं, आईनं कानडीत उत्तर द्यायचं. कुठं गेली होतीस, कधी येशील, दार उघडं ठेवू का, असले साधे प्रश्न. प्रत्येक गाण्यात आईच्या ओळींसाठी जागा मोकळी ठेवलेली. रेकॉर्डिंग उंब्रजला, खताच्या दुकानावरच्या गिटारवाल्याच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळा लावलेल्या. हायवेवर ट्रकनं हॉर्न मारला की पुन्हा पहिल्यापासून.

ऑपरेशनची तारीख मिळाली तशी मी वेड्यासारखी सुटले. जो आवाज आज आहे तो उद्या नसला तर? सकाळी उठल्याउठल्या आधी "सा" लावून बघायचा, मग चूळ भरायची. माझी नोकरी शाळेत, तिथं पोरांना कविता शिकवताना मध्येच थांबायचे, आवाज वाया जाईल म्हणून. पोरं एकमेकांकडं बघायची. सुट्टी मिळेल तेव्हा एसटी धरून इस्लामपूर, कराड करत उंब्रज. आई बरोबर. माझ्या ओळी भराभर होत गेल्या. आईच्या होईनात.

"आज घसा धरलाय गं," ती म्हणायची. पुढच्या खेपेला, "एसटीत वारं लागलं." त्याच्या पुढच्या खेपेला, "माझं काय, मी नंतर म्हणीन की. तुझं आधी उरकून घे." आणि कोपऱ्यात मांडीवर पिशवी घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची. गिटारवाला काकुळतीला यायचा. "आवं काकू, शेंगा तेवढ्या थांबवा की. आवाज येतोय त्यात." ती थांबायची. गाणं सुरू झालं की तिचे हात पुन्हा सुरू.

परतीच्या एसटीत मी तिला लावून बोलले. "माझा गळा जायची वेळ आली आणि तू नखरे करतेस? रोज घरात गुणगुणतेस की!" हे बोलताना माझ्याच लक्षात आलं की ती आताशा घरातही गुणगुणत नव्हती. भांडी घासताना नाही, तुळशीला पाणी घालताना नाही. मला वाटलं, भीतीनं मुकी झाली बिचारी. ती खिडकीतून ऊस बघत राहिली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी आख्खा पाळणा मनातल्या मनात म्हटला. मोठ्यानं म्हणायची छाती झाली नाही. शुद्धीवर आले तेव्हा आई उशाला होती. मला बोलायची भीती वाटत होती. तोंड उघडायचं आणि आतून काहीच नाही आलं तर? मिटलेलं तोंड तरी बरं, निदान आशा राहते.

"बोल की गं," आई म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. "बोल की, माझे बाई. काहीतरी बोल."

"पाणी," मी म्हटलं. घोगरं, खरखरीत, पण पाणी म्हटलं. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती गदगदून रडली.

गाठ साधी निघाली. आवाज हळूहळू सुटत गेला. वरचे सूर जरा दुरावले, पण बोसा नोव्हात वर जायचंय कुणाला? मी गिटारवाल्याला फोन करून म्हटलं, आता आईच्या ओळी तेवढ्या राहिल्या. तो म्हणाला, "काकूंना आणा की मग. वाट बघतोय." आई म्हणाली, बघू. ह्या 'बघू'नं माझं डोकं फिरायचं.

मग शेजारी बारसं निघालं. आम्ही जैन, आणि गल्लीतल्या जैनांच्या कुठल्याही बारशाला पाळणा आईनंच म्हणायचा, हे ठरलेलं. बायका पाळण्याभोवती जमल्या, बाळाला इकडून तिकडं दिलं घेतलं, आणि सगळ्यांनी आईकडं बघितलं. आईनं हात जोडले. "मला नियम हाय," म्हणाली.

नियम म्हणजे काय ते आमच्यात सांगावं लागत नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, हात जोडून एखादी गोष्ट सोडायची. कुणी वांगं सोडतं, कुणी चहा, कुणी चातुर्मासापुरतं गोड. कुणी काय सोडलं म्हणून कुणी हसत नाही, आणि मोड म्हणून आग्रह तर नाहीच नाही. बायका लगेच बाळाकडं वळल्या. माझ्या शेजारची आजी मात्र माझ्या कानाला लागली. "लेकीच्या गळ्यासाठी गाणं सोडलंय तिनं. जन्मभरासाठी. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

कुणीतरी म्हणालं, मग लेकीनं म्हणावं. मी म्हटला पाळणा. काय म्हटलं कोण जाणे, कानडी शब्द मागंपुढं झाले. आई टाळीनं ठेका देत होती, नजर पाळण्यात.

त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोलले नाही. रागच एवढा होता. अगं, भेंडी सोडायची, चहा सोडायचा! नेमकी माझ्या अल्बमला हवी तीच गोष्ट कशाला सोडलीस? दुसऱ्या दिवशी एकटीच उंब्रजला गेले. गिटारवाल्याला म्हटलं, त्या मोकळ्या जागा काढून टाक, आई गाणार नाही. त्यानं कारण ऐकलं. तो गिटारीची तार पुसायला लागला. मग म्हणाला, "काढायच्या आधी एकदा ऐका तर."

त्यानं आवाज वाढवला. गिटार, मागं गिटारीवरच्या बोटांची सरसर, आणि त्याहीमागं कुठंतरी बारीक कट्, कट्. आईच्या शेंगा. आम्ही इतक्या वेळा थांबवल्या तरी आलेल्याच. मी आधी वैतागले, मग माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. बा मगळे बा, कट्, बा मगळे बा, कट्. ती प्रत्येक मोकळ्या जागेत पाळणा म्हणत होती. तोंडानं नाही, हातानं. आणि आम्ही तिला थांबवा म्हणत होतो!

"काढू व्हय?" गिटारवाल्यानं विचारलं.

"हात लावू नको त्याला," मी म्हटलं.

घरी येऊन आईच्या कानाला हेडफोन लावला. ती ऐकत राहिली. शेंगा आल्या तसं दचकून म्हणाली, "अगं बाई, हे पुसायचं की!" मी म्हटलं, हीच तुझी जागा, हेच ठेवणार. मग राहवेना. तिच्या पुढ्यात बसले. "आई, मोड की तो नियम. माझा गळा बरा झाला. आपला देव काही देत नाही आणि घेत नाही, हे तूच शिकवलंस ना मला?"

"देवाकडं कुठं मागितलं मी? मी फक्त माझं सोडलं."

"मग परत घे."

तिनं माझ्या गळ्यावरच्या व्रणाकडं बघितलं. बोट लावलं नाही, नुसतं बघितलं.

"आणि तुझा गेला तर?"

मी शिकलेली बाई. नस वाचली ती डॉक्टरांच्या हातामुळं, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि कुणी दुसरं सांगायला आलं तर मी भांडेन. उत्तर जिभेवर होतं. पण ते बोलायला तोंड उघडलं आणि दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हासारखीच भीती वाटली, आवाज येईल की नाही. मी तोंड मिटलं. शेंगांची पिशवी ओढून घेतली आणि तिच्याबरोबर फोडत बसले. त्यानंतर तिला गा म्हणून मी पुन्हा कधीच म्हटलेलं नाही.