पिल्लांवर टाकलेला गळ

जो मासा धरायचा नाही असं मला स्पष्ट सांगितलं होतं, तोच मी धरला. नकळत नव्हे. बघून, नेम धरून.

नजफगढच्या पुढे, हरियाणाच्या हद्दीत एका गावाचं तळं आहे. दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीतून गाडीने तासाभराची वाट. तिथे मला नेलं ते साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी. लेक इथे नोकरीला, म्हणून तेही इथेच राहिले. गावच्या सरपंचांशी त्यांची मैत्री, त्यामुळे तळ्यावर आम्हाला मोकळीक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्या तळ्यात मरळ आणून सोडली होती, आणि यंदा पिल्लं दिसतील म्हणून ते उन्हाळ्यापासून वाट बघत होते.

मी मोबाईलवर तिकडच्या थंड देशांतले व्हिडिओ बघून वेडा झालेला माणूस. तिथे लोक एकट्यापुरत्या छोट्या बोटीत बसून पाईक नावाचा दातेरी, दबा धरून बसणारा मासा फ्लायवर पकडतात. फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेलं खोटं आमिष. त्याला वजन नसतं, म्हणून जाड दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवत ते लांब फेकायचं. सुभेदारांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "हा तर आपल्या मरळीचा गोरा भाऊ!" आणि जुन्या हवाई चपलेचा तुकडा नि कोंबड्याची पिसं घेऊन त्यांनी मला आमिषाचा खोटा बेडूक बनवायला शिकवला.

त्यांची अट एकच. "लाल पिल्लांचा थवा दिसला की गळाची काठी खाली. त्यांच्याखाली बाप असतो. तो भुकेने चावत नाही, बाप म्हणून चावतो. त्यात कसली आलीय शिकार?"

मी मान डोलावली होती.

श्रावणातली दमट सकाळ होती. मी माझी रबरी बोट पायपंपाने फुगवली. घोड्याच्या नालेसारखी बोट, मधल्या पट्ट्यावर बसायचं, पाय पाण्यात, पायांत पोहायचे पंखे. सुभेदार काठावरून हसत होते.

"काय कॉर्पोरेट, आज मीटिंग नाही? ट्यूबमध्ये बसलेलं बाळ दिसताय अगदी."

"या ना साहेब तुम्हीपण."

"नको. मी बुडालो तर पेन्शन कोण आणणार?" असं म्हणून ते चहा सांगायला गावात गेले.

दोन तास काहीच नाही. मग जलपर्णीच्या पलीकडे पाण्यावर पाऊस पडतोय असं वाटलं. पाऊस नव्हता. शेकडो केशरी-लाल पिल्लं एका घोळक्यात वर येऊन तोंडं टेकवत होती, आणि तेवढंच पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. मी पाय मारायचे थांबवले. त्या लाल ढगाखालून एक काळी, हातभर लांब सावली हळूच वळली.

छाती इतकी धडधडत होती की बोटीला कळत असावं. काठी खाली ठेवायची, हे आठवलं. अगदी त्यांच्या आवाजात आठवलं. आणि हाताने दोरी झुलवायला सुरुवात केली. एकदा मागे, एकदा पुढे, पुन्हा मागे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर फेक ती. बेडूक पिल्लांच्या बरोबर मधे पडला.

पाणी फुटलं. खरंच फुटलं, घागर आपटल्यासारखं. काठी वाकून पाण्यात शिरली, दोरी बोटांतून सणसणत गेली आणि माझी बोट चक्क ओढली जाऊ लागली! पन्नाशीला आलेला, पाठदुखीचा पट्टा बांधणारा मी, एका माशामागे गोल गोल फिरत ओरडत होतो, "ये, ये, ये!" तो जलपर्णीत घुसला, मी ओढला. तो हवेत उसळला, मी ओला झालो. शेवटी जाळीत आला तेव्हा त्याचं सापासारखं डोकं, ते दात, पोटावरचे काळे-पांढरे पट्टे बघून मी लहान मुलासारखा हसलो.

मग फोटो. एक नीट येईना म्हणून आणखी. मग माप. दहा मिनिटं तरी गेली. त्याला सोडलं तेव्हा तो सरळ खाली गेला आणि मी मागे बघितलं. लाल ढग उरला नव्हता. चंदेरी मासे तिथे उरलीसुरली पिल्लं टिपत उड्या मारत होते, आणि एक पाणकावळा बुडी मारून वर आला.

मी तोंड फिरवलं.

"पलीकडे कमळांच्या कडेला लागला," मी सुभेदारांना सांगितलं. त्यांनी मला मिठी मारली, ओल्या कपड्यांसकट. फोटो त्यांच्या पलटणीच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलं होतं, "आपला चेला."

पुढच्या रविवारी ते काठाकाठाने पिल्लं शोधत फिरले. एकही नाही. तेवढ्यात गावातले एक म्हातारे, ज्यांना सगळे ताऊ म्हणजे थोरले काका म्हणत, रोजच्यासारखे आपल्या म्हशी घेऊन पाण्यात उतरले.

"ताऊ, तुम्हारी भैंसों ने मेरे बच्चे कुचल दिए," सुभेदार म्हणाले.

"रै फौजी, म्हारी भैंस बीस साल से यहीं नहावैं सैं. के तेरी मच्छी नवाब की औलाद सै?"

सुभेदार हसले नाहीत. सरपंचांना सांगून म्हशींना तळं बंद करतो, म्हणाले. त्या उकाड्यात म्हशींना दुसरं पाणी नव्हतं. ताऊंचा चेहरा उतरला. सुभेदार माझ्याकडे वळले, "चला कॉर्पोरेट. तुम्ही साक्षीला. तुम्ही तर तळ्यात असता, तुम्हाला माहीत आहे."

मी निघालोही. शाळेच्या भिंतीपर्यंत त्यांच्या मागे चालत गेलो. पुढे सरपंचांचं हिरवं फाटक दिसलं आणि माझे पाय थांबले.

"साहेब, म्हशी नव्हत्या. मी होतो. फोटोतला मासा पिल्लांवरचा आहे."

ते तिथूनच मागे वळले. मग एवढंच म्हणाले, "मला काय सांगता? आधी त्यांना सांगा."

आम्ही परत आलो. ताऊ पाण्यात कमरेइतके उभे राहून म्हशीची पाठ घासत होते. मी बुटांसकट पाण्यात उतरलो आणि हात जोडले.

"ताऊ, बच्चे मैंने मरवाए, और भैंसों का नाम लगा तो चुप रहा. माफ कर दो." मग काठाकडे वळलो. "साहेब, तुम्ही नको म्हणाला होतात, मला तो मासा हवा होता, आणि नंतर मी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."